गिट स्टॅश: अर्धवट कोड बाजूला ठेवण्यामागचा इतिहास

ऐरोलीत किंवा महापेला बसून नव्या फीचरचं काम चालू असतं, निम्मा कोड झालेला असतो, आणि प्रॉडक्शनमधला बग नेमका त्याच फायलींमध्ये निघतो. हातातला कोड कमिट करण्याजोगा (इतिहासात नोंदवून ठेवण्याजोगा) नाही, टाकूनही देता येत नाही. अशा वेळी कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटमध्ये आपण 'गिट स्टॅश' ही कमांड मारतो, म्हणजे अर्धवट बदल तात्पुरते बाजूला ठेवतो. मग कधी नवी फाइल तशीच मागे राहते, कधी स्टेज केलेले (पुढच्या कमिटसाठी निवडलेले) बदल परत येतात ते अनस्टेज होऊन, आणि रात्री घोडबंदर रोडवरच्या घरी दुसरा लॅपटॉप उघडला तर स्टॅशची यादी रिकामी असते. या अडचणी का येतात, ते ही कमांड कशी वाढत गेली हे पाहिलं की कळतं.

आधी हे काम पॅचवर चालायचं. लॅरी वॉल यांनी 1985 मध्ये 'पॅच' हा प्रोग्रॅम आणला. सबव्हर्जन या गिटआधीच्या प्रणालीच्या काळात डिफ (बदललेल्या ओळींची यादी) एका फायलीत काढायचा, रिव्हर्ट करायचं (बदल मागे घ्यायचे), बग सोडवायचा आणि डिफ पुन्हा लावायचा, अशी पद्धत होती. पॅच ओळ क्रमांक आणि बदललेल्या ओळींच्या आजूबाजूचा मजकूर पाहून जागा शोधतो, मूळ फाइल त्याच्याकडे नसते. मधल्या दुरुस्तीत त्याच ओळी बदलल्या की तो तुकडा नाकारला जाई आणि हाताने बसवावा लागे.

गिट 2005 च्या एप्रिलमध्ये सुरू झालं. स्टॅश आलं सप्टेंबर 2007 च्या 1.5.3 आवृत्तीत, एक शेल स्क्रिप्ट म्हणून. त्यातली खरी सुंदर कल्पना अशी की बदल पॅच म्हणून न ठेवता कमिट म्हणूनच ठेवायचे. एक कमिट इंडेक्सचा (स्टेज केलेल्या बदलांचा), दुसरा वर्किंग ट्रीचा (डिस्कवरच्या चालू फायलींचा). दुसऱ्याचे पालक (ज्यांवर तो आधारलेला आहे ते कमिट) दोन: त्या वेळचा हेड, म्हणजे चालू कमिट, आणि इंडेक्सचा कमिट. मूळ स्थिती हाताशी असल्याने परत लावताना तीन बाजूंचं मर्ज होतं (मूळ, आताचा आणि स्टॅशमधला कोड जुळवला जातो) आणि कॉन्फ्लिक्ट, म्हणजे एकाच जागचे न जुळणारे बदल, व्यवस्थित दिसतो. इंडेक्स वेगळा साठवलेला असला, तरी परत लावताना 'इंडेक्स' हा पर्याय दिल्याशिवाय तो वापरला जात नाही. स्टेज केलेलं अनस्टेज होतं ते यामुळे.

संदर्भ (कमिटकडे बोट दाखवणारं नाव) फक्त शेवटच्या स्टॅशचा असतो, जुने स्टॅश त्याच संदर्भाच्या रीफ्लॉगमध्ये, म्हणजे त्याच्या मागच्या नोंदींमध्ये, राहतात. ही युक्ती सोपी होती, पण तिला एक गंभीर भोक होतं. रीफ्लॉगमधल्या अशा सुट्या जुन्या नोंदींची मुदत 30 दिवसांची, म्हणजे जुन्या स्टॅशचीही तेवढीच. 2008 मध्ये स्टॅशसाठी ही मुदत काढून टाकली गेली. 'पॉप' (परत लावून नोंद पुसणं) आणि 'ड्रॉप' (एकच नोंद पुसणं) हेही त्याच वर्षी 1.5.5 मध्ये आले. त्याआधी पुसायचं तर 'क्लिअर', म्हणजे सगळेच स्टॅश जात. पॉप करताना कॉन्फ्लिक्ट आला तर गिट ती नोंद मुद्दाम ठेवून देतं. पुन्हा पॉप करू नका. कॉन्फ्लिक्ट सोडवा, कोड तपासा आणि मग स्वतः ड्रॉप करा.

ट्रॅक न केलेल्या (गिट अजून ज्यांची नोंद ठेवत नाही अशा नव्या) फायलींची सोय व्हायला 2011 उजाडलं. 1.7.7 मधल्या 'इन्क्लूड-अनट्रॅक्ड'मुळे त्या तिसऱ्या पालक कमिटमध्ये जातात. परत आणताना त्याच नावाची फाइल जागेवर असेल, तर गिट ती ओव्हरराइट न करता थांबतं. 'ऑल' हा पर्याय मात्र जपून वापरा, इग्नोर केलेले बिल्डचे फोल्डरही त्यात ओढले जातात.

2017 च्या 2.13 पासून 'सेव्ह'च्या जागी 'पुश' आहे, त्यात निवडक फायली देता येतात. 2019 मध्ये, 2.22 ला, सगळं सी भाषेत नव्याने लिहिलं गेलं.

सर्व्हरवर कोड पाठवणारा साधा गिट पुश किंवा तिथून आणणारा फेच स्टॅश नेत-आणत नाही, त्यामुळे तो ऑफिसच्या मशीनवरच राहतो. 2025 च्या 2.51 मध्ये 'एक्सपोर्ट' आणि 'इम्पोर्ट' आले. तुमची आवृत्ती त्याहून जुनी असेल, तर ऑफिसातून निघण्याआधी तात्पुरत्या ब्रँचवर (कामाच्या वेगळ्या शाखेवर) कमिट करून ती पुश करा.

चुकून ड्रॉप केलंत तर टर्मिनल बंद करू नका. ड्रॉप करताना छापलेला हॅश (कमिटची ओळख सांगणारा लांब कोड) 'स्टॅश अप्लाय'ला दिला की कोड परत येतो. हॅश हरवला असेल तर साठा तपासणाऱ्या 'गिट एफएससीके'ला 'अनरीचेबल' पर्याय देऊन सुटे (कशालाही न जोडलेले) कमिट शोधा. हे लवकर करा, कारण अशा सुट्या कमिटना गार्बेज कलेक्शनपासून (गिटच्या आपोआप होणाऱ्या साफसफाईपासून) साधारण दोनच आठवडे अभय असतं.