टीपकागदावरचा थेंब आणि निम्म्यावर आलेला आकडा

जुलै २००७मध्ये भारतातल्या एचआयव्हीबाधितांचा सरकारी अंदाज सुमारे ५२ लाखांवरून एकदम २५ लाखांवर आला. निम्मे लोक बरे झाले नव्हते, वारलेही नव्हते. आधीची मोजणीच चुकली होती आणि ती चूक पकडण्यात मोठा वाटा होता टीपकागदासारख्या एका जाड कागदाचा.

तोवरचा अंदाज मुख्यतः सरकारी दवाखान्यांवर बेतलेला असे. तिथे तपासणीला आलेल्या गरोदर बायका आणि गुप्तरोगाचे रुग्ण यांच्या रक्तावरून अख्ख्या लोकसंख्येचं गणित मांडलं जाई. पण सरकारी दवाखान्यात कोण जातं? गावातल्या सगळ्या थरांतले लोक तर नक्कीच नाहीत. भाताची परीक्षा शितावरून होते हे खरं, पण शीत पातेल्याच्या तळातलं करपलेलं निघालं तर?

म्हणून २००५-०६च्या तिसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, म्हणजे मुंबईच्या देवनारमधल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने समन्वय केलेल्या पाहणीत, थेट घरोघरी जाऊन रक्त घ्यायचं ठरलं. एक लाखाहून जास्त माणसांचं! शिरेतून काढलेल्या रक्ताच्या इतक्या नळ्या बर्फात जपत खेड्यापाड्यांतून आणणं कुणाला जमलं असतं?

त्यावर उपाय जुनाच होता. अमेरिकेत रॉबर्ट गथ्री यांनी १९६०च्या दशकात नवजात बाळांच्या टाचेतलं रक्त कागदावर टिपून तपासण्याची पद्धत रुजवली होती. इथे टाचेऐवजी बोट. बोटाला सुई टोचायची, पहिला थेंब पुसून टाकायचा आणि पुढचे थेंब कागदावर छापलेल्या वर्तुळांत अलगद पडू द्यायचे. बोट कागदावर घासायचं नाही, एकावर एक थेंबही नको. मग कागद आडवा ठेवून रात्रभर सावलीत वाळवायचा. लालभडक डाग सकाळपर्यंत तपकिरी होतो. ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसोबत तो प्लास्टिकच्या पिशवीत बंद केला, की नमुना प्रवासाला तयार. दमटपणा हा त्याचा खरा वैरी.

हे चालतं, कारण चाचणीत शोधायच्या असतात त्या अँटीबॉडी, म्हणजे विषाणूशी लढायला शरीराने बनवलेली प्रथिनं, आणि ती बरीच चिवट असतात. रक्त वाळलं तरी त्यांचा आकार टिकतो. प्रयोगशाळेत त्या डागातून काही मिलिमीटरची चकती पंचने कापतात आणि द्रावणात भिजत ठेवतात, की अँटीबॉडी पाण्यात उतरतात. अँटीबॉडी शोधणाऱ्या एलायझा नावाच्या चाचणीतल्या ताटलीच्या खळग्यांना विषाणूची प्रथिनं आधीच चिकटवलेली असतात. ओळखीची अँटीबॉडी तिथे अडकली, की पुढच्या रसायनांनी रंग उमटतो.

मात्र आजार दुर्मीळ असला की चांगली चाचणीही फसवते. समजा, चाचणी निरोगी माणसांपैकी शंभरात एकालाच चुकून बाधित ठरवते. लाखभर लोकांत खरे बाधित तीनएकशे असतील, तर खोटे हजाराच्या घरात निघतील. म्हणून पहिल्या चाचणीत रंग उमटलेला प्रत्येक नमुना दुसऱ्या, वेगळ्या चाचणीतूनही जावा लागतो.

सर्वेक्षणाचा निकाल आला: प्रौढांत ०.२८ टक्के. महाराष्ट्रात ०.६२, उत्तर प्रदेशात ०.०७, मणिपुरात १.१३. नागालँडमध्ये स्थानिक विरोधामुळे रक्त घेताच आलं नाही. नमुन्यावर नाव नव्हतं, फक्त बारकोड, त्यामुळे रक्त देणाऱ्याला स्वतःचा निकाल कळत नसे. गोपनीयतेसाठी हे आवश्यक होतं, पण ज्याच्या बोटातून थेंब घेतला त्यालाच अंधारात ठेवायचं, हे मला अजूनही खटकतं.

आणि घरोघर फिरूनही सगळे सापडत नाहीतच. महिनोन्महिने ट्रकवर असणारा चालक, कुंटणखान्यातली बाई, बांधकामावर झोपणारा मजूर हे कुटुंबांच्या यादीत बसत नाहीत. म्हणून अंतिम अंदाज बांधताना दवाखान्यांतले आणि जोखमीच्या गटांतले आकडेही सोबत घेतले गेले आणि ०.२८चे ०.३६ टक्के झाले.