घरी बनवलेल्या अवजाराला जॅक बसवण्याआधी

लोडर, लाकूड फोडायचं यंत्र, मागे लावायचं पातं, काहीही असो, सांगाडा उभा राहिला की ग्राहक आमच्याकडे येतात आणि म्हणतात, "मोठ्यात मोठा जॅक द्या." हा जॅक म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा हायड्रोलिक सिलिंडर. आम्ही तो लगेच काढून देत नाही. आधी ट्रॅक्टरबद्दल विचारतो: तेलाचा दाब किती, पंप मिनिटाला किती लिटर देतो? हे दोन आकडे ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत असतात.

१५० बार दाबावर ५० मिमी बोअरचा (आतल्या व्यासाचा) जॅक ढकलताना सुमारे ३ टन जोर लावतो. आत-बाहेर सरकणारा रॉड ३० मिमीचा असेल तर ओढताना १.९ टनच मिळतो, कारण त्या बाजूची जागा रॉडनं खाल्लेली असते. म्हणून जड काम ढकलण्याच्या बाजूला येईल अशी मांडणी करा. ६३ मिमी घेतला की जोर पावणेपाच टनांच्या घरात जातो, पण वेग पडतो. मिनिटाला २० लिटरच्या पंपावर ५० मिमी बोअरच्या जॅकचा रॉड सेकंदाला १७ सेंमी बाहेर येतो, ६३ मिमीवाल्याचा जेमतेम ११.

शिवाय तेल लागतं ते वेगळंच. ६३ मिमी बोअर आणि ६० सेंमी स्ट्रोकचे (म्हणजे रॉड तेवढा बाहेर येणारे) दोन जॅक लोडरला लावले तर पूर्ण उघडताना ते पावणेचार लिटरच्या आसपास तेल पितात. बऱ्याच ट्रॅक्टरांत गिअरचं आणि हायड्रोलिकचं तेल एकच असतं. पातळी उतरून पंपानं हवा ओढली की तेलाला फेस येतो आणि पंप किंचाळू लागतो. तेव्हा पातळी तपासताना हा हिशेब धरा. जोर कमी पडतो म्हणून रिलीफ व्हॉल्व्हच्या (जादा दाब सोडणाऱ्या झडपेच्या) स्प्रिंगखाली वॉशर घालणारेही भेटतात. ते करू नका, पंप आणि होज (तेलाची रबरी नळी) दोन्ही जातील.

"सील खराब निघाला" म्हणून परत आलेला जॅक आम्ही ग्राहकासमोरच उघडतो. पुष्कळदा रॉडच्या एका अंगाचं क्रोम घासून पिवळट पडलेलं असतं, दुसरं अंग आरशासारखं. ग्लँडही (रॉड बाहेर येतो त्या तोंडाचं झाकण) त्याच बाजूला खाल्लेला. सील बिचारा शेवटी गेलेला असतो. खरा दोष दोन कानांच्या (जॅकची पिन धरणाऱ्या, अवजारावरच्या पट्ट्यांच्या) भोकांचा: ती एका रेषेत नसली की रॉडला आडवा ताण बसतो. कान आधी फक्त टाका मारून धरा, जॅक हातानं पूर्ण उघडून-मिटून बघा, पिन बोटानं सरकते ना ते पाहा, मगच जॅक काढून पक्कं वेल्डिंग करा. तेल भरलेल्या जॅकवर वेल्डिंग कधीच नको, आत दाब चढून बॅरल फुटू शकतो. लांब स्ट्रोकला बारीक रॉड तर आम्ही मागूनही देत नाही. लांबी दुप्पट झाली की वाकण्याआधी पेलायचा भार चौथाईवर येतो.

होज आत तारेच्या दोन जाळ्या असलेला घ्या. पाण्याच्या पाइपचे नळजोड या दाबाला चालत नाहीत. टेफ्लॉन टेपही टाळा, तिचे तुकडे व्हॉल्व्हमध्ये जाऊन अडकतात.

गळती कधीही हातानं चाचपू नका, पुठ्ठा धरून बघा. सुईएवढ्या छिद्रातून उडालेलं तेल कातडी भेदून आत शिरतं. वर फक्त टोचल्यासारखी खूण दिसते आणि दुखतही नाही, पण ही तातडीच्या शस्त्रक्रियेची वेळ असते. लगेच रुग्णालयात जा आणि दाबाचं तेल आत गेलंय असं स्पष्ट सांगा.

उचललेला बोजा जॅकच्या भरवशावर ठेवून खाली शिरू नका, आधी टेकू लावा. लॉक व्हॉल्व्ह (तेल जॅकमध्येच अडवून धरणारी झडप) बसवणार असाल तर तो जॅकलाच बसवा. तो लिव्हरजवळ बसवला आणि मधला होज फुटला तर बोजा खाली येणारच. पुढे लोडर असेल तर मागे वजन हवंच.

येताना अवजाराचा फोटो, पिनची जाडी, स्ट्रोक आणि जॅक मिटल्यावर पिन ते पिन मिळणारी जागा लिहून आणा. ही जागा स्ट्रोकपेक्षा जास्त लागते, आणि नेमकी हीच मोजायची राहून जाते. कान अजून वेल्ड केले नसतील तर फारच उत्तम.