ऐकू येणं वेगळं, ऐकणं वेगळं: बागेतला भोंगा आणि बँडस्टँड

बागेत संगीत असावं की नसावं, हा वाद बडोद्यात निघाला की दहा मिनिटांत दोन निराळ्या गोष्टींचा काला होतो. एक म्हणतो, ‘कमाटी बागेत बँडस्टँड (वादकांनी बसून वाजवायचा छत असलेला चौथरा) आहेच ना, मग बागांमध्ये खांबांवर स्पीकर लावले तर काय बिघडलं?’ दुसरा भोंग्यांना इतका विटलेला असतो की झाडाखाली पेटी-तबला घेऊन बसलेल्या भजनी मंडळालाही उठवायला निघतो. दोघंही एकाच जागी चुकतात.

खांबावरचा स्पीकर समजावून सांगायला नको. पंचवीस-तीस मीटरवर एकेक खांब, सगळ्यांवर एकच गाणं, बाग उघडल्यापासून चालू.

किरकोळ फरक आधी उरकू. शास्त्रीय की सिनेमाचं, समोर गाणारा की रेकॉर्ड, याने बाकावर बसलेल्याचं फारसं अडत नाही. ‘लाइव्ह आहे’ म्हटलं की सगळं माफ, ही समजूत तर डोक्यातच जाते. चार सबवूफर लावून गाणारा जिवंत गायकसुद्धा लोकांना बाकावरून उठवतो.

अडतं ते एवढ्यावरच: या संगीताला कड आहे का? म्हणजे चालत चालत त्याच्या बाहेर पडता येतं का?

एका जागेवरून निघालेला आवाज उघड्यावर अंतर दुप्पट झालं की साधारण ६ डेसिबलने उतरतो. बँडस्टँडपासून ५ मीटरवर ७५ डेसिबल असेल, तर १० मीटरवर ६९, २० वर ६३ आणि ४० वर ५७. साधं बोलणं मीटरभरावरून ६०च्या आसपास भरतं. म्हणजे चाळीस मीटरवर बसलेल्या दोन मैत्रिणींना आवाज न चढवता गप्पा मारता येतात, आणि वाटलं तर उठून जवळही जाता येतं. ज्याला पूर्ण ऐकायचंय तो पुढे, अर्धवट कान देणारा मधे, नको असलेला बाहेर. शिवाय सगळ्यांची तोंडं एकाच मध्याकडे असल्यामुळे समोरच्या बाजूचा अनोळखी माणूस मान डोलावताना दिसतो. समेला दोघांचे हात एकदम पडतात, तेव्हा ते एकत्र ऐकणं झालं. शेरीतल्या, म्हणजे गल्लीतल्या, गरब्याची रचना हीच: मधे गाणारे, भोवती फेर, फेराबाहेर बघे.

खांबांच्या रांगेत यातलं काही उरत नाही. एका खांबापासून पंधरा मीटर लांब गेलात की आवाज उतरतो, आणि सोळाव्या मीटरला पुढच्या खांबाचा चढायला लागतो. कुठेही जा, तुम्ही आतच. तोंड कुठे करायचं तेही कळत नाही, कारण आवाज सगळीकडून. गाणं बागभर ऐकू येतं, पण ते मिळून ऐकणारं कोणी नसतं.

वर आणखी एक खोड. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे ३० मीटरवरच्या खांबाचं गाणं तुमच्यापर्यंत जवळजवळ ९० मिलिसेकंद उशिरा पोचतं, त्यापुढच्याचं १८०च्या आसपास. फरक पन्नासेक मिलिसेकंदांच्या वर गेला की कान ते दोन वेगळे आवाज म्हणून धरू लागतो. शब्द चिकटतात, ठेका दोनदा पडल्यासारखा वाटतो. त्यात भोंग्यातून खालचे सूर निघतच नाहीत, डग्ग्याची घुमक गायब होते आणि वरची टिपेची किरकिर तेवढी उरते. मग ‘नीट ऐकू येत नाही’ म्हणून कोणीतरी आवाज आणखी वाढवतो! गायक-वादक मौलाबक्षांनी ज्या गावात १८८६ मध्ये संगीतशाळा काढली, तिथे हे चालवून घेऊ नये.

‘मधे झाडं आहेत, आवाज अडेल’ यावर विसंबू नका. तीस मीटरचा दाट पट्टा असला तरी पाच-सहा डेसिबल कमी झाले तर पुष्कळ. विरळ अशोक आणि गुडघाभर मेंदी जवळपास काहीच अडवत नाहीत.

नियमाबद्दलही असाच घोळ. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर बंद, एवढंच लोकांच्या लक्षात राहतं आणि बाकी वेळ रान मोकळं, असा अर्थ लावला जातो. तसं नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे सार्वजनिक जागेच्या हद्दीवर आवाज परिसरातल्या मानकापेक्षा १० डेसिबलने जास्त किंवा ७५, यांपैकी जे कमी असेल त्याच्या आत हवा. निवासी भागाचं दिवसाचं मानक ५५ आहे, म्हणजे कुंपणावर मर्यादा ६५ची. ७५ हा आकडा तिथे सांगून उपयोग नाही.

खांब लागलेच असतील तर ते उपटायची गरज नाही. १०० व्होल्ट लाइनवरचे (एकाच तारेवर ओळीने जोडलेले) स्पीकर असतील तर बसण्याच्या एखाद्या कोपऱ्यातले दोनच जोडलेले ठेवा, बाकीच्यांची जोडणी काढा. त्या दोघांचं टॅपिंग, म्हणजे स्पीकर किती वॅट घेतो ती जोडणी, १५ वॅटवरून साडेसातवर आणलं की ३ डेसिबल उतरतात. भोंग्याऐवजी कॉलम स्पीकर (उभी, लांबट पेटी) बसवा, तोंड खाली बाकांकडे झुकवा आणि वेळ ठरवा, समजा संध्याकाळी ६ ते ७. मग तिथून पन्नास पावलं चालत जा आणि सोबतच्याला साध्या आवाजात काहीतरी विचारा. त्याने ‘काय?’ म्हटलं, तर परत जाऊन आवाज आणखी उतरवा.