शेपटीखालची खूण

ठाणे खाडीच्या मुखाशी, उरणच्या बाजूला, पाण्यातून उंटाच्या मदारीसारखी पाठ वर आली की पाहणारा चटकन ‘हंपबॅक देवमासा’ म्हणून मोकळा होतो. असतो तो बहुधा हंपबॅक डॉल्फिन: लांबी अडीच मीटरच्या आसपास, किनाऱ्यालगतच्या गढूळ पाण्यात रमणारा. हंपबॅक देवमासा १२ ते १५ मीटर भरतो, त्याच्या डोक्यावर गाठी असतात आणि पुढचा पर अंगाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाएवढा असतो. ऐरोली-वाशीच्या उथळ पाण्यात त्याची वाट पाहू नये. तो बाहेरच्या समुद्रातला.

आणि हा अरबी समुद्र त्याचे कायमचे घर आहे. इतर ठिकाणचे हंपबॅक उन्हाळ्यात ध्रुवांकडे चरायला जातात. अरबी समुद्रातले जात नाहीत. हे कळले फार क्रूर मार्गाने. १९६५-६६ मध्ये देवमाशांची शिकार करणाऱ्या सोव्हिएत ताफ्यांनी ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारतालगत २४२ हंपबॅक बेकायदा मारले. खरे आकडे १९९० च्या दशकात उघड झाले. मारलेल्या माद्यांच्या पोटातल्या गर्भांची मापे पाहता गर्भधारणेचा हंगाम उत्तर गोलार्धाचा निघाला, म्हणजे ही दक्षिणेकडून आलेली जनावरे नव्हती. पुढे जनुकीय तपासणीत हा गट सुमारे ७०,००० वर्षे वेगळा पडल्याचे दिसले.

ओमानजवळ किती उरले, याचा फोटोंवरून काढलेला अंदाज होता फक्त ८२. टॅग लावलेली ‘लुबान’ ही मादी तिथून निघून भारताच्या दक्षिण टोकापर्यंत आली, म्हणून आपल्या बाजूचा प्रत्येक फोटो मोलाचा.

फोटो हवा शेपटीच्या खालच्या बाजूचा. तिथली काळी-पांढरी नक्षी, ओरखडे आणि मागच्या कडेचे दाते प्रत्येकाचे निराळे असतात. होडी हळू करून जनावराच्या तिरक्या मागच्या बाजूला, किमान १०० मीटर लांब ठेवावी. श्वासाच्या दोन-चार फवाऱ्यांनंतर पाठीची कमान नेहमीपेक्षा उंच झाली की बटण दाबून ठेवायचे. शेपूट वर येते आणि दोन-तीन सेकंदांत जाते. शटर १/१००० सेकंद किंवा त्याहून जलद ठेवावे. सूर्य समोर असला तर नक्षी काळीठिक्कर येते, आणि फोटो बहुतेक वेळा तिथेच वाया जातो. शेपूट हुकली तर पाठीवरच्या पराच्या दोन्ही बाजू टिपाव्यात. वेळ आणि जीपीएस स्थान तिथल्या तिथे लिहावे.

डोक्यावर तीन उभे कंगोरे दिसले आणि बुडी मारताना शेपूट वर आलीच नाही, तर तो ब्रायडचा देवमासा समजावा.