मध्यम पल्ल्याची झूम लेन्स : निवड

वाइडपासून (रुंद दृश्य मावणारे टोक) सुरू होऊन नॉर्मल ओलांडून सौम्य टेलीपर्यंत (दूरचे जवळ आणणारे टोक) जाणारी झूम लेन्स. छायाचित्रकार तिला ‘स्टँडर्ड झूम’ म्हणतात. डीएसएलआर कॅमेऱ्यावर बहुतेक वेळ हीच चढवलेली राहते, त्यामुळे ती निवडताना झालेली चूक रोज समोर येते.

लेन्सची फोकल लेंथ (मिमीमधला आकडा; तो लहान तितके दृश्य रुंद) सेन्सरच्या, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या चकतीच्या, कर्णाच्या जवळपास असेल तर तिला नॉर्मल म्हणतात. फुल फ्रेम सेन्सर ३६ × २४ मिमी असतो आणि त्याचा कर्ण सुमारे ४३ मिमी भरतो. त्याच्या दोन्ही बाजूंना पसरलेले २४–७०, २४–१०५, २४–१२० मिमी हे फुल फ्रेमचे नेहमीचे पल्ले. एपीएस-सी सेन्सर लहान असतो, म्हणून त्यावर हेच काम १६–८५, १७–५५ किंवा १८–५५ मिमीच्या लेन्स करतात. कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८–५५ ची किट लेन्स याच कुळातली.

३५ मिमी फिल्मच्या एसएलआरसाठी पहिली झूम लेन्स १९५९ मध्ये आली, ती फोइग्टलेंडर कंपनीची ३६–८२ मिमी एफ/२.८ झूमार (‘एफ’चा आकडा लहान तितका लेन्समधून जास्त उजेड येतो). निकॉनची ४३–८६ मिमी १९६३ ची. या दोन्ही लेन्समध्ये आजच्या अर्थाने वाइड असे काही नव्हते. पुढच्या काळात सुरुवातीचा आकडा खाली आणण्यासाठी बरीच मेहनत झाली. कॅननने २००२ मध्ये आणि निकॉनने २००७ मध्ये आपल्या २८–७० एफ/२.८ च्या जागी २४–७० आणली. टेलीचे टोक होते तिथेच राहिले.

निवडीची सुरुवातही इथूनच करावी : आधी वाइड टोक, मग बाकी सगळे. तीन मीटरवर ओळीने उभ्या असलेल्या माणसांचा फोटो काढायचा आहे आणि आपल्या पाठीमागे भिंत आहे. फुल फ्रेमवर २८ मिमीला सुमारे ३.८५ मीटर रुंदी मावते, २४ मिमीला साडेचार. मधल्या पासष्ट सेंटिमीटरमध्ये एक माणूस आरामात उभा राहतो. २८ वर तो फ्रेमबाहेर जातो आणि मागे सरकायला जागा नसते. टेलीच्या टोकाला मिमी कमी पडले तर दोन पावले पुढे जाता येते, नाहीतर फोटो कापता येतो. २४ मेगापिक्सेलचा, ७० मिमीला काढलेला फोटो १०५ मिमीच्या चौकटीइतका कापला तरी साडेदहा मेगापिक्सेलच्या वर उरतो. वाइडला कमी पडलेले मात्र नंतर कशानेही भरून निघत नाही. रुंद दृश्य दोन-तीन फोटो जोडून मिळवता येते, पण हलत्या माणसांच्या बाबतीत तो उपाय क्वचितच साधतो.

एपीएस-सी कॅमेरा असलेले बरेच जण इथेच फसतात. ‘पुढे-मागे फुल फ्रेम घ्यायचाच आहे’ म्हणून ते आजच २४–७० घेतात. सेन्सर लहान असल्यामुळे निकॉनच्या एपीएस-सी बॉडीवर (कॅमेऱ्यावर) दीडपटीने ती ३६–१०५ सारखी दिसते, कॅननवर १.६ पटीने सुमारे ३८–११२ सारखी. म्हणजे पैसे मोजून हाती येतो तो साधारण १९५९ चाच वाइड! आज हातात जो कॅमेरा आहे त्याच्यासाठी लेन्स घ्यावी. उलट्या बाजूची अडचणही माहीत असावी : कॅननच्या ईएफ-एस, म्हणजे एपीएस-सीसाठीच्या, लेन्स फुल फ्रेम बॉडीवर बसतच नाहीत. निकॉनच्या तशाच डीएक्स लेन्स बसतात, पण सेन्सरचा मधला भागच उपयोगी पडतो.

यानंतर अ‍ॅपर्चर, म्हणजे उजेड आत येण्याचे छिद्र. १८–५५ मिमी एफ/३.५–५.६ लेन्स ५५ मिमीला एफ/५.६ पेक्षा जास्त उघडत नाही. १७–५५ मिमी एफ/२.८ लेन्स सगळीकडे एफ/२.८ वर राहते. फरक दोन स्टॉपचा, म्हणजे चौपट उजेडाचा. घरातल्या संध्याकाळच्या उजेडात जिथे शटरचा वेग १/३० सेकंद मिळत होता तिथे १/१२५ मिळतो. १/३० ला खेळणाऱ्या मुलाचा हात फराटा होतो, १/१२५ ला बोटे मोजता येण्याची शक्यता बरीच वाढते. शिवाय व्ह्यूफाइंडर उजळ दिसतो, आणि अनेक बॉडींचे मधले फोकस पॉइंट एफ/२.८ लेन्सवर जास्त अचूक चालतात.

स्थिरीकरणाची गल्लत याच्याशी करू नये. ते आपल्या हाताचा कंप शोषते, समोरच्याची हालचाल थांबवत नाही. इमारती, निसर्ग, प्रवास असे विषय असतील तर स्थिरीकरण असलेली एफ/४ लेन्स पुरते आणि वजनही वाचते. माणसे आणि समारंभ असतील तर एफ/२.८ ला पर्याय नाही. टॅमरॉनने २०१२ मध्ये २४–७० एफ/२.८ मध्ये या दोन्ही गोष्टी एकत्र आणल्या, पण असे एकत्र आणणे वजनदार पडते : निकॉनची २०१५ ची स्थिरीकरणवाली २४–७० सुमारे १,०७० ग्रॅमची आहे, तर किट लेन्स २०० ग्रॅमच्या आसपास. गळ्यात किलोभर लेन्स दिवसभर वागवता येईल का, हे मनाशी खरेपणाने ठरवावे. बॅगेत पडून राहिलेली उत्तम लेन्स एकही फोटो काढत नाही.

नेमका कोणता पल्ला लागतो हे आपल्याच जुन्या फोटोंना विचारावे. प्रत्येक फाइलमध्ये फोकल लेंथची नोंद असते. किट लेन्सवरचे निम्मे फोटो १८ लाच अडकलेले दिसले, तर १६ पासून सुरू होणारी लेन्स हवी आहे हे उघड आहे.

लेन्स हातात आल्यावर ट्रायपॉडवरून, विटांच्या सपाट भिंतीसमोर कॅमेरा अगदी सरळ धरून, सर्वात वाइड टोकाला पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवर एक आणि एफ/८ वर एक फोटो काढावा. चारही कोपरे सारखेच मऊ असतील तर तो लेन्सचा स्वभाव. एकच कोपरा मऊ असेल तर आतली एखादी काच सरकलेली असण्याची शंका घ्यावी आणि लेन्स बदलून मागावी. वाइडला विटांच्या ओळी बाहेर फुगलेल्या दिसतात. तेवढे सॉफ्टवेअरमध्ये सरळ होते. लेन्स खाली तोंड करून धरल्यावर नळी आपोआप घसरते का, आणि फोकस करताना पुढची काच फिरते का, हेही पाहावे. काच फिरत असेल तर पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) दर वेळी नव्याने फिरवून जुळवावा लागतो.

वापरलेली लेन्स घेताना एका टोकाने टॉर्च मारून दुसऱ्या टोकाने आत बघावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, आणि ती काचेवरचा लेप खाते. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडींमध्ये फोकसची मोटर नसते, त्यामुळे मोटर नसलेल्या जुन्या लेन्स त्यांवर हातानेच फोकस कराव्या लागतात.