वंशावळ सॉफ्टवेअरमधील फाइलींची मांडणी

कुळाच्या नोंदी ठेवणारा संगणक-प्रोग्राम, त्यात भरलेल्या व्यक्तींचा व नात्यांचा डेटाबेस, त्याला जोडलेली छायाचित्रे व कागदपत्रे आणि या सर्वांच्या राखीव प्रती कोणत्या फोल्डरात राहाव्यात, याची ठरवून केलेली व्यवस्था. प्रोग्राम हरवला तर तो पुन्हा उतरवून घेता येतो. परंतु पणजोबांच्या भावंडांची नावे घरातल्या थोरल्या आत्याला विचारून भरली असतील आणि ती आत्या आता हयात नसेल, तर ती फाइल परत मिळण्याचा मार्ग उरत नाही. म्हणून प्रोग्राम एकीकडे आणि डेटा दुसरीकडे ठेवणे, हा या व्यवस्थेचा पाया आहे.

तीर्थोपाध्यायांच्या वह्या आणि छापील कुलवृत्तांत यांमुळे महाराष्ट्राला वंशावळीची ओळख जुनीच आहे. नवी मुंबई परिसरात तिला व्यवहाराचीही बाजू आहे. १९७० मध्ये सिडको या नगरविकास महामंडळाची स्थापना झाल्यानंतर नव्या शहरासाठी ठाणे व तेव्हाच्या कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यांतील ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या, आणि संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड परत देणाऱ्या साडेबारा टक्के योजनेतील भूखंडासाठी मूळ खातेदाराशी असलेले वारसाचे नाते कागदावर दाखवावे लागत असल्याने अनेक भूमिपुत्र कुटुंबांना तीन-चार पिढ्यांची वंशावळ मांडावी लागली. अशा घराच्या संगणकात सातबारा, फेरफार, मृत्यूचे दाखले आणि शाळा सोडल्याचे दाखले यांच्या स्कॅन प्रती साठत जातात. त्यांची जागा नीट ठरलेली नसेल तर वंशावळीतले नाव राहते आणि त्याचा पुरावा सापडत नाही.

विंडोज संगणकावर प्रोग्राम सहसा सी ड्राइव्हवरील ‘प्रोग्राम फाइल्स’ या फोल्डरात बसतो. जुने काही प्रोग्राम आपला डेटाही तेथेच लिहीत असत. विंडोज व्हिस्टापासून सामान्य वापरकर्त्याला त्या फोल्डरात लिहिण्याची मुभा राहिली नाही, आणि जुन्या प्रोग्रामांचे काम अडू नये म्हणून त्यांचे लेखन ‘ॲपडेटा’मधील ‘व्हर्च्युअलस्टोअर’ नावाच्या आडजागी वळवले जाऊ लागले. त्यातून एकाच नावाच्या दोन फाइली तयार होत, एक जुनी आणि एक अद्ययावत. राखीव प्रत काढणाऱ्याच्या हाती बहुधा जुनी लागे. नव्या प्रोग्रामांपैकी बरेच डेटा ‘डॉक्युमेंट्स’मध्ये किंवा सहसा लपलेल्या ‘ॲपडेटा’ फोल्डरात ठेवतात. हे दोन्ही फोल्डर मूळ रचनेत सी ड्राइव्हवरच असतात, ही बाब आपल्याकडे विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. संगणक दुरुस्तीला दिला की ‘सी फॉरमॅट करतो, डी तसाच राहील’ असे सांगितले जाते आणि मालक निर्धास्तपणे होकार देतो. वंशावळ मात्र सी ड्राइव्हवरच असते. डी ड्राइव्हवर ‘वंशावळ’ नावाचा एकच फोल्डर करून प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये तोच मार्ग देणे, हा यावरचा सर्वांत सोपा उपाय आहे.

प्रत्येक प्रोग्रामची पद्धत वेगळी असते. रूट्समॅजिकमध्ये संपूर्ण कुळाचा डेटाबेस एका फाइलीत मावतो, त्यामुळे ती ओळखणे व उचलणे सोपे जाते. ग्रॅम्प्स हा २००१ पासूनचा मुक्तस्रोत प्रोग्राम प्रत्येक वंशवृक्षासाठी स्वतंत्र फोल्डर करतो. त्या फोल्डराचे नाव मात्र अक्षरे व अंक यांची निरर्थक वाटणारी मालिका असते, आणि वापरकर्त्याने दिलेले नाव आतल्या एका छोट्या मजकूर-फाइलीत लिहिलेले असते. नकोसा फोल्डर समजून तो पुसण्याचा धोका येथे खरा आहे. म्हणून ग्रॅम्प्समध्ये मूळ फोल्डर हलवत बसण्यापेक्षा प्रोग्राममधूनच छायाचित्रांसह एकत्रित राखीव प्रत काढून ती आपल्या फोल्डरात ठेवणे अधिक सुरक्षित ठरते.

सर्वाधिक घोळ होतो तो छायाचित्रे व दस्तऐवज यांच्या बाबतीत, कारण बहुतेक प्रोग्राम चित्र डेटाबेसच्या पोटात घेत नाहीत, केवळ त्याचा पत्ता नोंदवतात. घणसोलीतील एखाद्या कुटुंबाने फेरफाराचे स्कॅन ‘डाउनलोड्स’मधूनच जोडले आणि पुढे तो फोल्डर साफ केला, तर व्यक्तीच्या पानावर रिकामी चौकट तेवढी उरते. यासाठी चित्रे प्रथम ‘वंशावळ’ फोल्डरातील उपफोल्डरात आणावीत, त्यांना कायमचे नाव द्यावे आणि मगच जोडावीत. प्रोग्रामला सापेक्ष पत्ता (ड्राइव्हपासून नव्हे, तर डेटाबेसच्या फोल्डरापासून मोजलेला मार्ग) वापरण्याची सोय असेल तर ती निवडावी, म्हणजे उद्या ड्राइव्हचे अक्षर बदलले तरी दुवे तुटणार नाहीत. नावे देवनागरीत देण्याबाबत थोडी काळजी घ्यावी लागते. युनिकोड, म्हणजे सर्व लिप्यांतील चिन्हांना क्रमांक देणारी प्रमाण पद्धत, न जाणणाऱ्या जुन्या प्रोग्रामांत देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात. लिनक्सवर फाइलीच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा असते आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, त्यामुळे काना-मात्रा धरून ८५ चिन्हेच मावतात. ‘कऱ्हाडकर’ या आडनावातील ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो, एक अखंड चिन्ह म्हणून आणि दुसरा ‘र’ व नुक्ता (अक्षराखालचा टिंब) मिळून. जुन्या मॅक संगणकांची फाइल-प्रणाली पहिल्याचे दुसऱ्यात रूपांतर करीत असल्याने डोळ्यांना एकच दिसणारे नाव प्रोग्रामला वेगळे वाटू शकते. वर्ष, गाव आणि दस्तऐवजाचा प्रकार रोमन अक्षरांत लिहून व्यक्तीचे पूर्ण नाव डेटाबेसमध्ये देवनागरीत ठेवणे, ही तडजोड व्यवहारात बरी पडते.

अलीकडे विंडोजमध्ये ‘डॉक्युमेंट्स’ फोल्डर वनड्राइव्ह या मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठ्याकडे वळवलेला असू शकतो. प्रोग्राम उघडा असताना डेटाबेसची फाइल ऑनलाइन साठ्याशी जुळवली गेली, किंवा दोन भावांनी ती एकाच वेळी दोन संगणकांवर उघडली, तर फाइल बिघडण्याचा संभव असतो. म्हणून चालू डेटाबेस स्थानिक डिस्कवर आणि राखीव प्रत तेवढी ऑनलाइन, अशी विभागणी करावी.

एका प्रोग्राममधून दुसऱ्यात जाण्यासाठी गेडकॉम हा मजकूर-स्वरूपाचा आराखडा १९८४ पासून वापरात आहे. त्याच्या जुन्या आवृत्त्यांत रूढ असलेल्या ॲन्सेल या संकेतनात (अक्षरे फाइलीत साठवण्याच्या पद्धतीत) देवनागरी बसत नाही. मराठी नावांसाठी फाइल यूटीएफ-८ या युनिकोडच्या संकेतनात काढावी लागते, आणि २०२१ च्या ७.० आवृत्तीत तर तेच संकेतन बंधनकारक आहे. गेडकॉमच्या साध्या फाइलीत चित्रे नसतात, केवळ त्यांचे पत्ते असतात; ७.० मध्ये चित्रांसह बांधलेल्या गेडझिप गठ्ठ्याची सोय झाली. त्यामुळे साधी गेडकॉम फाइल ही एकटीच राखीव प्रत मानता येत नाही.

२६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत तळमजल्यावरील कपाटे आणि संगणक एकाच पाण्यात गेले. राखीव प्रतींपैकी निदान एक दुसऱ्या घरी, शक्य तर दुसऱ्या गावी राहणाऱ्या नातलगाकडे, बाह्य डिस्कवर ठेवावी. तिच्यासोबत प्रोग्रामचे नाव, त्याची आवृत्ती, प्रत काढल्याची तारीख आणि फोल्डरांची रचना सांगणारी एक साधी मजकूर-फाइल असावी, कारण ती डिस्क उघडणारी व्यक्ती बहुधा पुढच्या पिढीतली असते.