दहा हजारात चार आणि सिंहगडावरचा गारवा

एप्रिल लागला की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोनच विषय असतात, टँकर कधी येणार आणि ग्लोबल वॉर्मिंगवर उपाय काय. यंदाचा उपाय तुपाचा होता. 10 ग्रॅम गाईचं तूप गोवरीवर जाळलं की म्हणे 1 टन ऑक्सिजन तयार होतो. 10 ग्रॅममधून 1 टन! द्रव्य अक्षय्यतेचा नियम शाळेतच शिकवतात हो, आणि जळायला उलट ऑक्सिजन लागतो हे तर मेणबत्तीवर ग्लास उपडा घालून आपण सगळ्यांनी बघितलंय. तूप वरणभातावर घ्या, विषय संपला.

पण मला खरं लिहावंसं वाटलं ते पार्किंगमध्ये भेटलेल्या शेजारच्या काकांमुळे. काका रिटायर्ड अकाउंटंट, त्यामुळे मुद्दा आकड्यातच मांडतात. "पृथ्वी तापवतो म्हणतोस तो तुझा कार्बन डायऑक्साइड हवेत 0.04 टक्के. म्हणजे दहा हजारात चार. बाकीचे 9996 काय झोपा काढतात का?"

तर हो काका, बहुतेक जण झोपाच काढतात. नायट्रोजन आणि ऑक्सिजन मिळून हवेचा 99 टक्के भाग, पण दोघांच्याही रेणूत दोन सारखे अणू, त्यामुळे ते थरथरले तरी विद्युतभार इकडचा तिकडे होत नाही आणि जमिनीतून निघणारी उष्णता, म्हणजे इन्फ्रारेड किरणं, त्यांना दिसतच नाहीत, सरळ आरपार जातात. कार्बन डायऑक्साइडमध्ये तीन अणू एका रेषेत असतात, ती रेषा धनुष्यासारखी वाकते, आणि नेमकं 15 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीच्या आसपासचं इन्फ्रारेड त्या वाकण्यात शोषलं जातं. जमीन जी उष्णता टाकते त्यातला मोठा वाटा याच भागात असतो. अमेरिकेच्या युनिस फूट यांनी 1856 मध्ये काचेच्या नळ्या उन्हात ठेवून बघितलं होतं की कार्बन डायऑक्साइडवाली नळी जास्त तापते, मग जॉन टिंडल या शास्त्रज्ञाने 1859 पासून नीट मोजमापं केली. म्हणजे हे शास्त्र आपल्या 1857 च्या उठावाएवढं जुनं आहे, कुणी काल-परवा काढलेलं फॅड नाही.

आता काकांना सुचला नाही असा एक जास्त तगडा आक्षेप सांगतो, कारण तो मला फार आवडतो. 1900 मध्ये स्वीडनच्या नुट ऑन्गस्ट्रॉमने म्हटलं की अहो, आहे तेवढा कार्बन डायऑक्साइडच ही किरणं जवळजवळ पूर्ण शोषतो, मग आणखी टाकला तर फरक काय पडणार? खिडकीला काळा रंग देऊन झाल्यावर दुसरा हात दिला तर खोली अजून अंधारी होते का? बिनतोड वाटतं ना? पुढची कित्येक वर्षं बऱ्याच शास्त्रज्ञांनाही तसंच वाटलं.

गडबड अशी की हवा म्हणजे एक काच नाही, एकावर एक ठेवलेले असंख्य थर आहेत. खालच्या थराने उष्णता शोषली की तो ती परत चारी बाजूंना टाकतो, वरचा थर पुन्हा शोषतो, पुन्हा टाकतो, असं करत करत वर हवा इतकी विरळ होते की शेवटी उष्णता अवकाशात निसटते. म्हणजे पृथ्वी थंड होते ती जमिनीवरून नाही, तर सरासरी काढली तर साधारण 5 किलोमीटर उंचीवरून. आणि वर जावं तसं गार होतं हे पुणेकरांना सांगायला नको, सिंहगडावर पिठलं-भाकरी खाताना आपण ते अनुभवतोच. किलोमीटरला साधारण साडेसहा अंश, पुणे 560 मीटरवर, गड 1300 च्या आसपास, म्हणून तिथे चार-पाच अंश कमी. हाच हिशोब 5 किलोमीटरपर्यंत न्या. पृथ्वीचं सरासरी तापमान 15, त्यातून साडेबत्तीस वजा, आले उणे साडेसतरा. आणि सूर्याकडून येते तेवढीच उष्णता परत टाकायची तर पृथ्वीचं तापमान किती हवं, हे वेगळ्या गणिताने काढलं तर येतं उणे 18! हे गणित पहिल्यांदा जुळलं तेव्हा मी दोनदा कॅल्क्युलेटर बघितला होता.

आता कार्बन डायऑक्साइड वाढवला की ती निसटायची जागा वर सरकते, कारण अजून वरपर्यंत हवा अपारदर्शक होते. वर गार, गार थर उष्णता कमी टाकतो, पण येणारी उष्णता तेवढीच, म्हणून हिशोब पुन्हा जुळेपर्यंत खालपासून सगळं तापतं. प्रमाण दुप्पट झालं तर ही जागा जेमतेम 150 मीटर वर जाते, म्हणजे साधारण पर्वतीवर पर्वती ठेवल्यासारखं. 150 मीटर म्हणजे 1 अंश. त्यात तापलेल्या हवेत बाष्प वाढतं आणि बाष्प स्वतःच हरितगृह वायू, म्हणजे उष्णता अडवणारा वायू, आहे, वगैरे धरून आकडा 2.5 ते 4 अंशांवर जातो. आपण 280 पीपीएमपासून (दहा लाखात 280 भाग) निघून 420 च्या पुढे गेलोय.

यातून एक विचित्र भाकीत निघतं की खालची हवा तापेल पण स्ट्रॅटोस्फिअर, म्हणजे त्याच्या वरचा हवेचा थर, गार होईल, कारण तिथे वाढलेला कार्बन डायऑक्साइड उष्णता अडवण्यापेक्षा बाहेर टाकायचंच काम जास्त करतो. स्युकुरो मनाबे आणि वेदराल्ड या हवामानशास्त्रज्ञांनी 1967 मध्ये हे दाखवलं, नंतर उपग्रहांनी तसंच मोजलं, आणि 2021 मध्ये मनाबेंना नोबेल मिळालं. सूर्यच जास्त तापला असता तर वरचं खालचं दोन्ही तापलं असतं. सगळं डोक्यावरून गेलं असेल तर एवढा एकच मुद्दा धरून ठेवा.

परिणामांबद्दल थोडक्यात सांगतो. हवा 1 अंशाने तापली की तिच्यात सुमारे 7 टक्के जास्त बाष्प मावतं, म्हणून पाऊस पडतो तेव्हा धो धो पडतो. पण 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री पुण्यातल्या आंबिल ओढ्याला जो पूर आला त्याचं सगळं खापर ग्लोबल वॉर्मिंगवर फोडणं मला पटत नाही, ओढे बुजवून भिंती बांधल्या त्या कार्बन डायऑक्साइडने नाही बांधल्या.

घरात काय करायचं? चार्जर सॉकेटमधून काढा वगैरे सल्ल्यांनी फारसं काही होत नाही. आपली वीज मुख्यतः कोळशाची, एका युनिटमागे साधारण 700 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. जुना पंखा 75 वॉट खातो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा नवा पंखा) 30 च्या आसपास, रोज 12 तास आणि वर्षातले 300 दिवस धरले तर एका पंख्यामागे शंभर किलोहून जास्त वाचतात. पण एसीत आर-410ए गॅस असेल आणि त्यातला किलोभर गळला, तर तो उष्णता अडवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या दोन हजार पट, म्हणजे त्याच पंख्याची अठरा वर्षांची बचत एका फटक्यात गेली. म्हणून टेक्निशियन दरवर्षी "गॅस भरून देतो" म्हणाला की आधी गळती शोध म्हणावं, एसीचा गॅस काही पेट्रोलसारखा संपत नाही. ओला कचरा सोसायटीतच जिरवा, कचरा डेपोच्या ढिगाखाली दबून कुजला की मिथेन होतो, आणि तो शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या 28 पट तापवतो.

हे सगळं काकांना ऐकवलं, पण त्यांना पटलं ते पेट्रोल. 1 लिटर जाळलं की 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड. काकांनी लगेच हिशोब केला, "स्कूटरमध्ये 5 लिटर टाकलं म्हणजे साडेअकरा किलो? अरे पण 5 लिटर पेट्रोलचं वजनच चार किलोच्या आत, वरचे पावणेआठ आणलेस कुठून?"

हवेतल्या ऑक्सिजनमधून, म्हटलं. काका थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "म्हणजे तो तुपाचा मेसेज उलटा आहे तर." आणि खिशातून फोन काढून ग्रुपवर टाइप करायला लागले.